बर्फाने पुसलेलं, समुद्राने जपलेलं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शिक्षक होते. दगडाबद्दल बोलण्याआधी दगड हातात घेऊन पाहा, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून आज दगडांवरच बोलायचं ठरवलं. मात्र हे दगड सहजासहजी हाती लागणारे नाहीत. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत जो समुद्र आहे, त्याच्या तळाखाली शेकडो मीटर खोलवर गाळाच्या खडकांचे थर आहेत. आजचं बोलणं त्या थरांविषयी.

एवढ्या लांबच्या थरांशी आपला काय संबंध, असं कुणाच्या मनात येईल. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारतो. अंटार्क्टिकावर बर्फ कधीपासून आहे? तो मधल्या काळात कधी वितळला होता का? वितळला असेल तर किती वेळा, आणि तेव्हा पृथ्वीची हवा कशी होती?

याचं उत्तर अंटार्क्टिकाच्या जमिनीवर शोधायला जावं, तर ते तिथे फारसं मिळत नाही. एक तर त्या खंडाचा सुमारे 98 टक्के भाग बर्फाखाली आहे. दुसरं असं की बर्फ एका जागी बसून राहत नाही. तो स्वतःच्या वजनाने सरकतो, आणि सरकताना खालची जमीन खरवडून काढतो. आधीच्या हिमनद्यांनी जे काही मागे ठेवलं असेल, ते पुढची हिमनदी घेऊन जाते. मग बर्फालाच विचारावं म्हटलं, तर अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल छिद्रं घेऊन सलग मिळालेली सर्वांत जुनी नोंद सुमारे 12 लाख वर्षांची आहे. बारा लाख वर्षं आपल्याला प्रचंड वाटतात. पण इथला बर्फाचा इतिहास कोट्यवधी वर्षांचा आहे.

म्हणजे बर्फाने आपलाच इतिहास पुसला. पण पुसताना जो चुरा निघाला, तो गेला कुठे? तो गेला समुद्रात. तिथे तो थरावर थर साचत गेला आणि त्याचा खडक झाला. जमिनीवर जे नाहीसं झालं, ते समुद्राने जपून ठेवलं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. ते चार टप्प्यांत मांडतो: हे थर तयार कसे झाले, माणूस तिथवर पोचला कसा, ते थर सांगतात काय, आणि ते ऐकून आपण करायचं काय.

पहिला मुद्दा, थर तयार कसे झाले.

भूगोलाच्या पुस्तकात आपण भूखंडमंच शिकलो. किनाऱ्यापासून समुद्राकडे उथळ, मंद उताराची जमीन जाते आणि साधारण 130 मीटर खोलीनंतर एकदम उतार लागतो. जगातले बहुतेक भूखंडमंच असेच आहेत. अंटार्क्टिकाचा मात्र नाही. तो सरासरी 500 मीटर खोल आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा उतार उलटा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे आहे. त्याचा आकार परातीसारखा आहे, बाहेरची कड उंच आणि आतला भाग खोल. किनाऱ्याजवळ काही जागी खोली हजार मीटरच्याही पुढे जाते.

असं का झालं? कारणं दोन. हिमनद्या जेव्हा पुढे सरकून थेट समुद्रतळावर टेकल्या, तेव्हा त्यांनी आतला भाग खरवडला आणि तो माल बाहेरच्या कडेला नेऊन टाकला. शिवाय खंडावरच्या किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या बर्फाच्या वजनाने जमीनच खाली दबली. थोडक्यात, या समुद्रतळाचा आकार बर्फाने घडवलेला आहे. उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातही हेच घडलं. तिथलाही खरवडलेला माल भूखंडमंचाच्या कडेपलीकडे प्रचंड पंख्याच्या आकारात साचलेला आहे.

पण गाळ साचायचा तर नुसता माल असून भागत नाही, त्याला जागा लागते. अंटार्क्टिकालगतच्या रॉस समुद्रात ती जागा भूगर्भाने करून दिली. पश्चिम अंटार्क्टिकाचं कवच ताणलं गेलं, खचलं, आणि लांबच लांब खोरी तयार झाली. त्यांपैकी काहींमध्ये गाळाची जाडी दहा किलोमीटरच्या पुढे जाते. तळ खचत राहिला म्हणून जुने थर खाली खाली गेले, आणि खाली गेले म्हणूनच वरून सरकणाऱ्या बर्फाच्या तावडीतून सुटले. जे वर राहिलं ते खरवडलं गेलं, जे खचलं ते टिकलं.

इथे थोडं आपल्या घराजवळ येतो, कारण संबंध खरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पेनगंगा चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदीच्या तळात अडकलेल्या दगडांनी काढलेले ते ओरखडे भूवैज्ञानिकांनी 1870 च्या दशकातच ओळखले होते. त्यांच्यावर तालचेर काळाचा थर आहे, बारीक मातीत लहानमोठे गोटे विखुरलेला. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवन भूमीचे भाग होते आणि या भूमीवर बर्फ होता. रॉस समुद्रातून आज जो गोटेमिश्रित खडक वर काढतात, त्याची घडण आणि आपल्या विदर्भातल्या या थराची घडण एकाच जातीची. काळ वेगळा, पण काम त्याच बर्फाचं.

या नात्याचा आणखी एक पुरावा. 1912 मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड सापडले. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म होते. तीच वनस्पती वर्धा खोऱ्यातल्या आपल्या कोळशाच्या थरांतही सापडते.

आता दुसरा मुद्दा, माणूस तिथवर पोचला कसा.

पहिली पद्धत ध्वनीची. जहाजामागून पाण्यात दाबाखालच्या हवेचा स्फोट करायचा. त्याच्या लहरी तळात शिरतात, प्रत्येक थराच्या सीमेवर थोड्या परततात, आणि जहाजामागे ओढलेल्या लांबलचक केबलमधले ग्राहक त्या टिपतात. यातून थरांचा उभा छेद कागदावर उमटतो. त्यात काही रेषा अशा दिसतात, की त्यांच्या वरचे थर एका दिशेने आणि खालचे तिरके कापलेले. भूविज्ञानात याला विसंगती म्हणतात. मधला काळ तिथे नाही. बर्फ आला, त्याने वरचे थर छाटले, आणि पुन्हा नवा गाळ साचला. लक्षात घ्या, इथे जे नाही तेही काहीतरी सांगतं.

पण ध्वनीवरून वय कळत नाही. त्यासाठी दगडच वर काढावा लागतो. 1973 च्या सुरुवातीला ग्लोमार चॅलेंजर हे विंधन-जहाज रॉस समुद्रात गेलं. तोवर बहुतेकांची समजूत होती, की अंटार्क्टिकावरचा मोठा बर्फ फार तर काही लाख, नाहीतर थोड्या दशलक्ष वर्षांचा असेल. जहाजाने वर काढलेल्या दगडात मऊ चिखलाच्या खडकात रुतलेले खडे मिळाले. हे खडे हिमनगांनी वाहून आणून पाण्यात टाकलेले होते, आणि ते ज्या थरात होते त्याचं वय निघालं सुमारे अडीच कोटी वर्षं. एका मोहिमेने अंटार्क्टिकाच्या बर्फाचं वय कितीतरी पटींनी मागे नेलं.

जहाजाला बर्फाळ समुद्रात मर्यादा असतात. मग न्यूझीलंड, अमेरिका, इटली आणि इतर देशांनी मिळून दुसरी युक्ती केली. समुद्रावर गोठलेला बर्फ हेच व्यासपीठ मानायचं आणि त्यावर विंधनयंत्र उभं करायचं. केप रॉबर्ट्स प्रकल्पात 1997 ते 1999 या काळात सुमारे दोन मीटर जाडीच्या बर्फावर यंत्र ठेवून काम झालं. दोन मीटर बर्फ, त्यावर टनावारी लोखंड, आणि खाली समुद्र! पहिल्याच वर्षी वादळाने जवळचा बर्फ फुटून गेला आणि छिद्र 148 मीटरांवर थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी 624 मीटर आणि त्यानंतर 939 मीटर खोली गाठली.

त्या तिसऱ्या छिद्रात काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. सुमारे 823 मीटरांपर्यंत 3 कोटी 40 लाख वर्षांच्या आसपासचा गाळ लागत गेला, आणि मग एकदम बीकन वालुकाश्म लागला. हा डेव्होनियन काळातला. म्हणजे एका रेषेच्या वर आणि खाली तीस कोटी वर्षांहून अधिक अंतर. आणि हाच बीकन वालुकाश्म शेजारच्या ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात उंच कड्यांमध्ये दिसतो. एकच खडक, त्याचा एक भाग पर्वतात आणि दुसरा समुद्रतळाखाली. खोरं किती खचलं, याचा अंदाज यावरून यावा.

पुढचं पाऊल होतं अँड्रिल प्रकल्पाचं. 2006-07 च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, तरंगत्या हिममंचावरून छिद्र घेतलं गेलं. आधी सुमारे 85 मीटर बर्फ, मग 800 मीटरहून अधिक पाणी, आणि त्याखाली 1285 मीटर खडक. बर्फ भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, त्याबरोबर नळ्यांचा ताण सांभाळायचा. बर्फातलं छिद्र गोठू नये म्हणून गरम पाणी सोडत राहायचं. एवढं करून त्यांनी त्या खोलीतला जवळजवळ 98 टक्के खडक सलग वर आणला.

तो खडक टेबलावर ठेवल्यावर कसा दिसतो? हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचा दंडगोल, लांबीत मधोमध कापलेला. खालच्या टोकाला राखाडी, कठीण भाग, त्यात सगळ्या आकारांचे कोनाकोनाचे खडे, कसलीही निवड न झालेले. इथे बर्फ तळावर टेकलेला होता. थोडं वर सरकलं की बारीक पट्ट्यांचा चिखल, आणि त्यात मध्येच एखादा एकटा खडा, ज्याच्याखाली पट्ट्या वाकलेल्या. बर्फ मागे हटला, तरंगू लागला, आणि हिमनगातून तो खडा पडला. आणखी वर फिकट हिरवट थर, वजनाला हलका. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात डायटम या सूक्ष्म शैवालांची नक्षीदार कवचं दिसतात. डायटमला सूर्यप्रकाश लागतो. म्हणजे त्या काळी तिथे बर्फाचं छत नव्हतं, उघडा समुद्र होता. आणि मग अचानक एक धारदार रेषा, जिच्यावर पुन्हा तोच राखाडी, गोटेमिश्रित खडक. बर्फ परत आला होता.

वय ठरवायला तीन गोष्टी मदतीला येतात. डायटमच्या जाती काळानुसार बदलत गेल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वेळोवेळी उलटलं, त्याची नोंद गाळाच्या कणांत राहिली. आणि जवळच्या ज्वालामुखींची राख थरांत मिसळली, जिचं वय आर्गॉनच्या मोजणीने काढता येतं. तिन्ही गोष्टी जुळल्या की वयावर विश्वास ठेवता येतो.

आता तिसरा मुद्दा, सगळ्यांत महत्त्वाचा. हे थर सांगतात काय?

पहिली गोष्ट, अंटार्क्टिका कायम गोठलेली नव्हती. 2017 मध्ये पोलरस्टर्न या जर्मन जहाजावरून अमुंडसेन समुद्रात, पाइन आयलंड हिमनदीच्या परिसरात, समुद्रतळावर उतरवलेल्या यंत्राने छिद्र घेतलं. तळाखाली तीस मीटरांच्या आत चिखलाचा एक खडक लागला. त्याला क्ष-किरणांनी तपासलं, तेव्हा आत मुळांचं दाट जाळं दिसलं. जागच्या जागी वाढलेल्या झाडांची मुळं! वय सुमारे 9 कोटी वर्षं. परागांवरून ते समशीतोष्ण पर्जन्यवन होतं असं ठरलं, आणि तिथलं वार्षिक सरासरी तापमान 12 ते 13 अंश सेल्सिअस असावं असा निष्कर्ष निघाला. तेव्हाही ती जागा दक्षिण ध्रुवाजवळच होती, वर्षातले महिनोन्महिने अंधारात असणारी. तिथे जंगल होतं.

दुसरी गोष्ट, बर्फ आला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होत गेल्यावर. सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी खंडावर मोठं हिमावरण उभं राहिलं. पूर्व अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ उपसागरातल्या छिद्रांत हा बदल टप्प्याटप्प्याने दिसतो: खाली नदीने आणलेली वाळू आणि वनस्पतींचे अवशेष, वर हिमनदीचा गाळ. आणि बर्फ आल्यावरही झाडं लगेच गेली नाहीत. केप रॉबर्ट्सच्या थरांत दक्षिणी बीच वृक्षाचे पराग आणि पानही मिळालं आहे.

तिसरी गोष्ट, आणि इथे मी तुमचं खास लक्ष मागतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ पुन्हा पुन्हा कोसळला आहे आणि पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. अँड्रिलच्या थरांत गेल्या 50 लाख वर्षांत बर्फाच्या पुढे येण्याची आणि मागे हटण्याची सुमारे चाळीस आवर्तनं मोजली गेली. त्यांतल्या जुन्या, प्लायोसीन काळात ही आवर्तनं साधारण 40 हजार वर्षांच्या तालावर होती. पृथ्वीच्या आसाचा कल ज्या तालावर कमी-जास्त होतो, तोच हा ताल. म्हणजे सूर्यप्रकाशाच्या वाटपात झालेला थोडासा फरक एवढ्या मोठ्या बर्फाला हलवायला पुरेसा होता. आणि हे कधी? जेव्हा पृथ्वी आजच्याहून सुमारे 3 अंश उबदार होती, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखात 400 भागांच्या आसपास होतं.

श्रोतेहो, आज ते प्रमाण किती आहे? 420 च्या पुढे गेलं आहे.

कुणी म्हणेल, तेव्हाही बर्फ वितळत होता, मग आताच्या वितळण्यात नवल ते काय? नवल वेगात आहे. तेव्हाच्या बदलांना हजारो वर्षं लागली. आपण हवेत जो बदल केला तो दोनशे वर्षांतला. आणि अलीकडच्या काळाबद्दलही थर बोलतात. 2002 मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचा लार्सन बी हा हिममंच काही आठवड्यांत फुटून गेला, सुमारे 3250 चौरस किलोमीटर. त्यानंतर त्याच्या जागी उघड्या झालेल्या तळातला गाळ तपासला, तेव्हा कळलं, की गेल्या सुमारे 11 हजार वर्षांत तो असा कधी फुटलाच नव्हता.

आता शेवटचा मुद्दा. आपण करायचं काय?

सुरुवातीचा प्रश्न होता, आपला संबंध काय. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर जगातल्या समुद्राची पातळी सुमारे 58 मीटर चढेल. तो सगळा वितळेल असं कुणी म्हणत नाही. पण पश्चिम अंटार्क्टिकाचा जो भाग समुद्रसपाटीखालच्या तळावर टेकलेला आहे, आणि म्हणून सर्वांत कमकुवत आहे, त्यातच तीन मीटरांहून अधिक चढ दडलेला आहे. आणि तो चढ सगळीकडे सारखा येत नाही. एवढा मोठा बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राचं पाणी स्वतःकडे खेचून धरतो. तो गेला की पाणी तिथून सुटतं आणि दूरच्या प्रदेशांत सरासरीपेक्षा जास्त चढतं. मुंबईची खाडी, कोकणातली खाजणं, गोव्याची मांडवी, हे सगळे दूरचे प्रदेश आहेत. संबंध याहून जवळचा काय असू शकतो?

यात एक गोष्ट आशेची आहे, ती मोकळेपणाने सांगतो. 1973 च्या त्या मोहिमेत रॉस समुद्राच्या थरांत मिथेन आणि इथेन वायूंचे अंश मिळाले होते. त्याच वर्षी जगावर तेलाचं संकट आलं. त्यानंतर या थरांकडे तेलाच्या नजरेने पाहणारे थोडे नव्हते. तरीही 1991 मध्ये माद्रिद करार झाला आणि अंटार्क्टिकातल्या खनिजांसाठीच्या कामाला बंदी घातली गेली. मुभा राहिली ती फक्त संशोधनाला. भारत त्यात सामील आहे, आणि 2022 मध्ये आपल्या संसदेने अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदाही केला. माणसाने एक अख्खा खंड उपसायचा नाही, समजून घ्यायचा, असं ठरवलं. हा निर्णय पुढेही टिकवायला हवा, कारण मोह संपलेला नाही.

पण समजून घ्यायला साधनं लागतात. प्रिड्झ उपसागरात ज्या जहाजाने छिद्रं घेतली, त्याच जॉइडेस रिझोल्यूशनने 2015 मध्ये आपल्या अरबी समुद्राच्या तळातही छिद्रं घेतली होती. ते जहाज 2024 मध्ये निवृत्त झालं. आपलं भारती हे संशोधन केंद्र 2012 पासून लार्समन टेकड्यांवर, याच प्रिड्झ उपसागराच्या काठावर उभं आहे. गोंडवन भूमी अखंड होती तेव्हा भारताचा पूर्व किनारा इथे लागून होता. तिथली लॅम्बर्ट खचदरी आणि आपलं महानदीचं खोरं यांची सांगड भूवैज्ञानिक घालतात. या मोहिमांचं काम पाहणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. जागा आपल्यासमोर आहे, नातं जुनं आहे, माणसं तयार आहेत. त्या उपसागराच्या तळातला इतिहास वाचायला भारताने स्वतः पुढाकार घ्यायला हवा. एका मोहिमेपुरता नव्हे, दहा-वीस वर्षांचा विचार करून. भूविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, की या विषयात यायला घाबरू नका. काम कष्टाचं आहे, पण तुमची गरज आहे.

समारोप करतो. बर्फ जमिनीवरचा स्वतःचा इतिहास पुसतो, पण समुद्र तो थरांमध्ये राखतो. हे थर सांगतात, की अंटार्क्टिकावर कधी जंगल होतं, मग बर्फ आला, आणि हवा आजच्यासारखी असताना तो बर्फ वारंवार मागे हटला. हा अंदाज नव्हे. हा खडकातला पुरावा आहे, हातात घेऊन पाहता येणारा. हवेतला कार्बन कमी करणं आपल्या हातात आहे, आणि तो कमी केला तर बर्फ किती टिकतो यात फरक पडतो, हेही याच थरांनी शिकवलं. एवढा स्पष्ट इशारा आधीच्या कुठल्याही पिढीला मिळाला नव्हता. तो मिळूनही आपण काही केलं नाही, तर आम्हाला माहीत नव्हतं, असं आपल्याला म्हणता येणार नाही.